वय हे निदान नव्हे

पंधरा वर्षे उलटून गेलेली मोटार घेऊन तिचा मालक गॅरेजच्या दारात उभा राहिला आणि 'अलीकडे हिचे ॲव्हरेज पडले आहे' एवढी तक्रार त्याने गुदरली, की बॉनेट उघडण्याच्या आधीच त्याला जो निकाल ऐकवला जातो तो मुंबईपासून सोलापूरपर्यंत एकच आहे: 'जुनी झाली साहेब, आता एवढेच देणार.' मिस्त्री हे सांगतो, शेजारी त्याला दुजोरा देतो, जुन्या गाड्यांचा दलाल त्यावर आपला भाव बेततो, आणि ज्याने ती गाडी वर्षानुवर्षे स्वतः चालवली, पुसली, घाटांत चढवली, तो मालकही अखेरीस मान डोलावून घरी जातो. मला या मताचा राग आहे आणि तो मी लपवू इच्छीत नाही. हे मत चुकीचे तर आहेच. पण त्याहून गंभीर गोष्ट ही, की ते तपासाचे दार बंद करते, आणि बिघाडाला कारण विचारण्याची सवय जेथे मोडते तेथे चांगली यंत्रे आणि चांगले कारागीर ही दोन्ही अकाली भंगारात जातात.

प्रतिपक्षाची बाजू त्याच्या समर्थकांनाही मान्य व्हावी अशा शब्दांत प्रथम मांडतो. यंत्र झिजते आणि झिजलेले इंजिन अधिक पेट्रोल पिणारच, असे ते म्हणतात. रबराच्या लहानसहान नळ्यांच्या मागे लागून गाडीच्या किमतीइतकी मजुरी घालवणे हा व्यवहार नव्हे. अनुभवी मिस्त्री कानानेच सारे ओळखतो, त्याला मोजमापाच्या उपकरणांची गरज नाही. नव्या पद्धतीच्या गाड्यांत तर संगणक सारे सांभाळतो. आणि आता पंपावर मिळणारे पेट्रोलच इथेनॉलमिश्रित असल्यामुळे उरलासुरला प्रश्नही निकालात निघाला आहे. यांपैकी बहुतेक विधानांत सत्याचा एखादा कण आहे, आणि त्या कणाच्या बळावरच असत्याचा हा सबंध व्यवहार बिनदिक्कत चालू आहे.

प्रथम झिजेचा मुद्दा घेऊ. झीज ही सर्वत्र सारखी कधीच नसते, ती नेहमी कोठे तरी असते: पिस्टनच्या रिंगांत, व्हॉल्व्हच्या सीटवर, व्हॉल्व्हच्या गाईडमध्ये, कार्बोरेटरच्या थ्रॉटल शाफ्टच्या बुशात, पेट्रोल पंपाच्या पडद्यात. यांतील प्रत्येक ठिकाण तपासता येते, आणि तपासण्याच्या रीती इतक्या जुन्या व इतक्या स्वस्त आहेत की त्या न वापरण्यास कोणतीही सबब उरत नाही. सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, एकेका सिलिंडरला कॉम्प्रेशनचे गेज लावावे आणि स्टार्टर मारावा. आकडे एकमेकांच्या जवळ आणि ठरावीक मर्यादेत आले, तर त्या इंजिनाला पेट्रोलच्या बाबतीत म्हातारे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. एखादा आकडा खाली आला तर त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे: आकडा वर चढला तर दोष रिंगांकडे, जागच्या जागी राहिला तर बहुधा व्हॉल्व्हकडे. हे अर्ध्या तासाचे काम आहे. ते न करताच 'इंजिन काम काढावे लागेल' असे सांगणाऱ्याने कशाच्या आधारावर ते सांगितले?

शिवाय झिजेला काळ लागतो. रिंगा एका पावसाळ्यात झिजत नाहीत. त्यांची झीज लाखभर किलोमीटरांच्या हिशेबाने चालते आणि तिच्यामुळे होणारी घट दरमहा ध्यानातही येत नाही. मग दिवाळीपर्यंत लिटरला 17 किलोमीटर देणारी गाडी संक्रांतीला 13 वर आली, तर तेवढ्या दोन महिन्यांत ती म्हातारी झाली असे समजायचे काय? अकस्मात झालेल्या घटीचा अर्थ एवढाच असू शकतो की काही तरी फाटले आहे, काही तरी अडकले आहे, किंवा कोणी तरी काही तरी बदलले आहे. यांतील तिसरी शक्यता सर्वांत अधिक वेळा खरी ठरते, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

येथे मालकवर्गालाही दोन शब्द ऐकवणे प्राप्त आहे. पाचशे रुपयांचे पेट्रोल टाकून, डॅशबोर्डावरील काटा कोठून कोठे आला हे पाहून काढलेला आकडा हा आकडाच नव्हे. टाकी भरावी, नोझल आपोआप बंद होताच थांबावे, किलोमीटर टिपून घ्यावेत. शेदोनशे किलोमीटर नव्हे तर निम्मी-अधिक टाकी संपेपर्यंत गाडी चालवावी, आणि पुन्हा त्याच पंपावर त्याच रीतीने भरावी. असे काही वेळा केल्यावर जी सरासरी निघते तिलाच तक्रारीचा आधार मानावे. आणि इंजिनाकडे बोट दाखवण्यापूर्वी टायरांतील हवा पाहावी, ब्रेक धरून राहत नाहीत ना हे सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून व नंतर चाकांच्या ड्रमांची ऊब हाताने ताडून पाहावे. यापैकी एकाही गोष्टीला गाडीच्या वयाचा दाखला लागत नाही.

एका विशिष्ट दुष्कृत्याचा उल्लेख मात्र येथेच केला पाहिजे. इंजिन तापते या तक्रारीवर आपल्याकडील कित्येक गॅरेजांत थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची प्रथा आहे आणि 'आपल्या हवेत त्याची गरज नाही' हे तिचे समर्थन आहे. थर्मोस्टॅट हवेचे तापमान पाहत नाही. तो इंजिनातील पाण्याचे तापमान साधारण 80 ते 90 अंश सेल्सिअसच्या दरम्यान आणून तेथे टिकवण्यासाठी असतो. तो काढला की इंजिन, विशेषतः थंडीत आणि लहान लहान फेऱ्यांत, नेमलेल्या उष्णतेला पोहोचतच नाही, पेट्रोलची वाफ नीट होत नाही, ऑइल दाट राहते, संगणक असलेल्या गाडीत तो संगणक इंजिन अजून गारच आहे असे मानून अधिक पेट्रोल सोडत राहतो, आणि मालकाला सांगितले जाते की गाडी जुनी झाली.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे व्हॅक्यूमच्या गळतीकडे वळतो.

पेट्रोल इंजिन मंद चालत असताना थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टन खाली जाताना तिच्यामागील मॅनिफोल्डमध्ये जो दाब उरतो तो बाहेरच्या वातावरणाच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. या ओढीवर गाडीतील किती कामे चालतात हे पाहिले म्हणजे तिचे महत्त्व कळते. ब्रेकच्या सर्वोला बळ याच ओढीचे. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या डबीतील पडदा हलतो तो हिच्याच जोरावर. क्रँककेसमधील वाफा पुन्हा इंजिनात घेणारी नळी हिच्यावर चालते. आणि कार्बोरेटरच्या मंद गतीच्या छिद्रातून पेट्रोल वर उचलले जाते तेही हिच्याचमुळे. ही सारी कामे ज्या नळ्यांतून आणि पॅकिंगांतून होतात त्या बहुधा रबराच्या, फायबरच्या किंवा कागदाच्या असतात, इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षे भाजतात, आणि जेथे क्लॅम्प आवळलेला असतो किंवा जेथे नळी वळते तेथे, बहुधा खालच्या अंगाला, दिसणार नाहीत अशा चिरतात.

अशा एका चिरेची किंमत काय, याचा ढोबळ हिशेब करून दाखवतो, कारण 'एवढ्याशा भोकाने काय होते' हा प्रश्न मला पुष्कळदा विचारण्यात आला आहे. मारुती 800 चे इंजिन 796 सीसीचे. मिनिटाला 850 फेऱ्या या मंद गतीने ते चालते तेव्हा त्याला मिनिटाला बाहेरची सुमारे 120 लिटर हवा लागते. थ्रॉटलच्या मागे कोठेही दोन मिलिमीटर व्यासाचे भोक पडले तर त्यातून, त्या ओढीखाली, मिनिटाला पंचवीसेक लिटर हवा आत येते. म्हणजे कार्बोरेटरने न मोजलेली, जिच्यासोबत पेट्रोलचा थेंबही नाही अशी हवा एकूण हवेच्या पाचव्या हिश्शाइतकी होते. इंजिन थरथरते, रेस वरखाली होते, सिग्नलला गाडी बंद पडते. पण तेच इंजिन हमरस्त्यावर मिनिटाला 3500 फेऱ्या घेत असेल तेव्हा त्याची हवेची भूक सातशे लिटरांच्या घरात जाते आणि त्या भोकाचा वाटा चार टक्क्यांच्या आत येतो. म्हणून अशी गाडी रस्त्यावर ठीक धावते आणि थांबल्यावर रडते. हे लक्षण इतके स्पष्ट आहे की ज्याला ते ऐकून गळतीचा संशय येत नाही त्याने कार्बोरेटरला हात लावू नये.

आणि नेमका तोच हात प्रथम कार्बोरेटरकडे जातो. रेस कमी पडते म्हणून थ्रॉटलचा स्क्रू आवळून ती वाढवली जाते. तरीही मिसिंग राहते म्हणून मिक्सरचा स्क्रू उघडून पेट्रोल वाढवले जाते. पिकअपमध्ये खड्डा पडतो म्हणून जेट काढून त्याचे भोक मोठे केले जाते किंवा मोठ्या नंबरचा जेट बसवला जातो. गाडी आता थांबल्यावर शांत उभी राहते, मालक समाधानाने पैसे देतो, आणि पुढच्याच टाकीला ॲव्हरेज तीनचार किलोमीटरांनी उतरते. कारण चिरेतून येणारी हवा मंद गतीलाच काय ती मोठी होती, आणि तिची भरपाई म्हणून मोठा केलेला जेट मात्र आता प्रत्येक किलोमीटरला, चढावर, उतारावर, सरळ रस्त्यावर, अखंड जादा पेट्रोल ओतत आहे. सर्व चर्चेत दडपली जाणारी गोष्ट ही आहे: कार्बोरेटरच्या गाडीत गळती स्वतः फारसे पेट्रोल पीत नाही, गळती न शोधता तिला झाकण्यासाठी केलेला उपाय ते पितो. मग त्या उपायाचे पाप गाडीच्या वयावर कोणत्या न्यायाने ढकलले जाते?

एके ठिकाणी गळती प्रत्यक्षच पेट्रोल खाते, तेही सांगतो. ज्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमची डबी आहे त्याच्या डबीतला पडदा फाटला, किंवा तिची बोटभर लांबीची नळी सैल झाली, तर अर्ध्या थ्रॉटलवर गाडी रमत चाललेली असताना ठिणगी जितकी आधी पडायला हवी तितकी आधी पडत नाही. पातळ मिश्रणाला जळायला वेळ लागतो, म्हणून ती आगाऊ ठिणगी योजलेली असते. ती उशिरा पडली की जळणाची उष्णता पिस्टनवर काम करण्याऐवजी सायलेन्सरमधून निघून जाते. हा पडदा तपासण्यास काय लागते? नळीचे कार्बोरेटरकडील टोक काढावे, तोंडाने ओढावे आणि जिभेने दाबून धरावे. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढलेली असेल तर आतील पट्टी सरकताना दिसते, आणि पडदा शाबूत असेल तर ओढ जिभेला चिकटून राहते. हवा सुटत गेली तर पडदा फाटला. यासाठी कोणतेही हत्यार लागत नाही. तरीही, पॉइंट बदलले, प्लग बदलले, कंडेन्सर बदलला, कॉइलसुद्धा बदलली, पण नळी ओढून पाहिली नाही अशा कित्येक गाड्या आजही रस्त्यांवर धावत आहेत.

कानाने ओळखण्याचा मुद्दा आता घेतो. जुन्या मिस्त्रींच्या कानाबद्दल मला मनापासून आदर आहे. हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे मॅनिफोल्डच्या कडेने फिरवत सुसकारा नेमका कोठून येतो ते सांगणारे कारागीर आपल्या गावोगावी होते आणि काही अजूनही आहेत. परंतु कान 'येथे आहे' एवढे सांगतो. 'किती आहे' आणि 'आणखी कोठे नाही' हे तो सांगू शकत नाही, आणि पंख्याच्या व टॅपेटच्या आवाजाखाली कार्बोरेटरच्या तळाच्या पॅकिंगची गळती तर त्याला ऐकूही येत नाही. त्यासाठी व्हॅक्यूमचे गेज आहे. मॅनिफोल्डला ते जोडावे: समुद्रसपाटीवर सुदृढ इंजिन मंद गतीला पाऱ्याच्या 17 ते 21 इंचांच्या दरम्यान काटा स्थिर धरते. काटा स्थिर पण खाली असेल तर गळतीचा किंवा मागे पडलेल्या टायमिंगचा संशय घ्यावा. ठरावीक अंतराने झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. रेस वाढवून धरल्यावर काटा हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सर तुंबला आहे. एका काट्याकडून एवढी जबानी मिळत असता ती न घेता निकाल देणे हा कोणता अनुभव?

हे गेज वाचतानाही विचार लागतो, आणि तो नसल्यामुळे उपकरण असूनही चुका होतात. दर हजार फुटांच्या चढाला काटा साधारण एक इंचाने उतरतो. मुंबईत 19 दाखवणारी गाडी पुण्यात 17 दाखवील, महाबळेश्वराच्या सुमारे 1350 मीटर उंचीवर साडेचौदाच्या आसपास येईल, आणि तिन्ही ठिकाणी ती निरोगीच असेल. पुस्तकातला आकडा पाहून पुण्याच्या गाडीला दोन इंचांची गळती चिकटवणे हेही अज्ञानच आहे, आणि मी त्याचा पुरस्कार करीत नाही.

शोधाचा क्रम कठीण नाही. इंजिन बंद असताना ब्रेक चारपाच वेळा दाबून पायाखाली धरून ठेवावा आणि इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर सर्वो आणि त्याची नळी बहुधा ठीक आहेत, जागचे हलले नाही तर तेथूनच तपासाला प्रारंभ करावा, कारण ती नळी साऱ्यांत जाड असते आणि तिची गळती ही केवळ पेट्रोलची नव्हे, जिवाची बाब आहे. मग एकेक नळी पकडीने हलके दाबावी आणि रेसमध्ये फरक पडतो का हे पाहावे. मी पाहिलेल्या एका गाडीत, ज्या गाडीचा कार्बोरेटर दोनदा खोलून झाला होता आणि जिचे 'इंजिन काम' काढण्याचे ठरून गेले होते, सर्वोच्या नळीच्या खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या काठाला लागून नखाएवढी चीर होती; अंगठा तिच्यावर दाबला की थरथर थांबे, अंगठा उचलला की इंजिन पुन्हा गुदमरे. पुण्याच्या नाना पेठेत तशी नळी हातावर मापून कापून मिळते.

गळती शोधण्यासाठी गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल शिंपडण्याची जी प्रथा आहे तिचा मात्र कडक शब्दांत निषेध केला पाहिजे. तापलेला एक्झॉस्ट आणि प्लगच्या वायरींतून उडणाऱ्या ठिणग्या यांच्यामध्ये पेट्रोलची वाफ सोडणे म्हणजे इंजिनाचा तपास नव्हे, आगीला दिलेले निमंत्रण आहे. संशयित जागी पाण्याचा बारीक फवारा मारून रेसमधला बदल पाहता येतो. इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डमध्ये धूर सोडला तर चीर स्वतःच आपली जागा दाखवते. त्यासाठीची यंत्रे आता मिळतात, आणि ज्या गॅरेजाला रंगाची भट्टी परवडते त्याला धुराचे यंत्र परवडत नाही असे कोणी मला सांगू नये.

एक दस्तऐवज तर प्रत्येक मालकाच्या गाडीत पडून असतो आणि तो कोणी वाचत नाही. पीयूसीची पावती. पेट्रोल गाडीच्या पावतीवर मंद गतीला मोजलेला कार्बन मोनॉक्साइडचा टक्का आणि हायड्रोकार्बनचा आकडा असतो. भारत स्टेज 4 च्या गाडीला मर्यादा 0.3 टक्के आणि 200 पीपीएम, त्यापूर्वीच्या गाड्यांना त्याहून सैल. गाडी पास झाली की पावती खणात जाते. परंतु मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन मात्र चढलेला, हे चित्र दिसले तर त्याचा अर्थ बहुधा असा की मिश्रण इतके पातळ आहे की ते पेटतच नाही, आणि न जळलेले पेट्रोल तसेच बाहेर पडते आहे. गळतीचा संशय घेण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे. दोन्ही आकडे चढलेले असतील तर मिश्रण दाट आहे, म्हणजे कोणी तरी स्क्रू किंवा जेट वाढवलेला आहे, किंवा चोक अडकला आहे. गेल्या दोनतीन वर्षांच्या पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या तर बिघाड कधी सुरू झाला याची तारीखसुद्धा निघते. मग तक्रारीच्या वेळी कोणताही मिस्त्री त्या पावत्या का मागत नाही?

'संगणकाच्या गाडीत हे प्रश्नच नाहीत' असे ज्यांना वाटते त्यांचे म्हणणे थोडक्यात खोडता येते. आपल्याकडील पुष्कळ लहान एमपीएफआय गाड्या हवेचे प्रमाण मॅनिफोल्डमधील दाबावरून ताडतात. अशा गाडीत चीर पडली की दाब वाढतो, संगणक त्या मानाने पेट्रोलही वाढवतो, आणि गाडी बंद पडण्याऐवजी तिची रेस चढते. जेथे हवा सेन्सरने थेट मोजली जाते तेथे चिरेतील हवा बिनहिशेबी राहते आणि ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल वाढवत नेतो. स्कॅनर लावून, संगणक पेट्रोलच्या प्रमाणात करीत असलेल्या दुरुस्तीचा टक्का मंद गतीला आणि 2500 फेऱ्यांना, असा दोनदा पाहावा: मंद गतीला चढलेला आणि वेगात उतरलेला टक्का दिसला तर दोष गळतीचा, उलट, भार वाढताच टक्काही चढत असेल तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर. आणि ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरच्या जोडातून बाहेरची हवा शिरत असेल तर सेन्सर फसतो व संगणक विनाकारण पेट्रोल ओततो. येथे ॲव्हरेज खरोखरच पडते आणि इंजिन मात्र निर्दोष असते. संगणक तक्रार नोंदवून ठेवतो. ती वाचणे हे माणसाचे काम आहे, आणि केवळ कोड पुसून गाडी परत देणे म्हणजे तक्रारअर्ज फाडून टाकणे होय.

राहिला इथेनॉलचा आक्षेप, आणि आज तोच सर्वांत मोठ्या आवाजात मांडला जातो. त्यात तथ्य आहे. 20 टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये लिटरमागे उष्णता कमी असते. नीती आयोगाने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या इथेनॉल मिश्रणाच्या आराखड्यातही, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणाला जुळवून घेतलेल्या चारचाकींची कार्यक्षमता 6 ते 7 टक्क्यांनी घटेल असे स्पष्ट म्हटले आहे. जुन्या गाडीच्या मालकाला दुसरे पेट्रोल निवडण्याची सोय न ठेवता हा भार त्याच्यावर टाकला गेला, याबद्दलचा त्याचा रोष मला न्याय्य वाटतो. परंतु 17 मधून सात टक्के वजा केले तर जवळजवळ 16 उरतात. 13 उरत नाहीत. मधले तीन किलोमीटर कोठे गेले? त्या तीन किलोमीटरांचा जाब इथेनॉलला विचारता येत नाही, आणि जो मिस्त्री सगळी घट त्याच्या नावावर मांडतो तो आपल्या अंगावरचे काम टाळतो आहे.

किंबहुना इथेनॉलमुळे गळतीचा शोध अधिकच निकडीचा झाला आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यास 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9. वीस टक्के मिश्रणाला त्यामुळे साडेतेराच्या आसपास. पेट्रोलसाठी जेट बसवलेला जुना कार्बोरेटर जुन्याच प्रमाणात हवा देत राहतो, म्हणजे मिश्रण मुळातच सातआठ टक्क्यांनी पातळ होते. त्यात चिरेतील हवेची भर पडली की पूर्वी जी लहानशी गळती इंजिनाने सोसली असती ती आता सोसवत नाही. शिवाय जुन्या जातीचे रबर इथेनॉलने फुगते आणि बिघडते, हेही खरे आहे. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि कार्बोरेटरचे पॅकिंग या इंधनाला टिकणाऱ्या मालाचे घातले पाहिजे. यातून निष्कर्ष 'गाडी विका' हा निघतो, की 'नळ्या तपासा' हा?

खर्चाचा आक्षेप माझ्या मते सर्वांत दुबळा आहे. नळीचा तुकडा, एक पॅकिंग, एक क्लॅम्प, तासाभराची मजुरी हा खर्च कोणत्याही कार्बोरेटर किटपेक्षा, आणि इंजिन कामापेक्षा तर कितीतरी कमी आहे. महाग पडतो तो अंदाज. प्लग बदलून पाहा, कॉइल बदलून पाहा, कार्बोरेटरच बदलून पाहा, अशा एकामागून एक 'बदलून पाहण्या'त जी रक्कम जाते तिचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि मग ती सगळी रक्कम 'जुन्या गाडीचा खर्च' या सदरात जमा केली जाते. गाडीने तो खर्च मागितला नव्हता.

मला असेही सांगण्यात येते की सरकार स्वतःच वय पाहून गाड्या बाद करते. मुंबईच्या टॅक्सींना वीस वर्षांची मुदत आहे, आणि 2003 सालच्या ऑक्टोबरात नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी त्या नियमाने 2023 च्या ऑक्टोबरअखेर व्यवसायातून गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या त्या गाड्यांनी या शहराला कित्येक दशके वाहून नेले, आणि त्यांच्या निरोपाचे दुःख झालेल्यांपैकी मीही एक आहे. परंतु भाड्याच्या वाहनांची मुदत ठरवणे हा प्रशासनाच्या सोयीचा भाग आहे. दररोज लाखो वाहनांचे इंजिन उघडून पाहणे सरकारला शक्य नसते म्हणून ते तारखेचा आधार घेते. मिस्त्रीच्या पुढ्यात मात्र एकच गाडी असते, तीही बॉनेट उघडलेली. त्याने तारखेचा आधार का घ्यावा? खाजगी गाडीला पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणी देताना कायदासुद्धा तिचे वय माहीत असूनही तिची फिटनेस तपासणी मागतो. जे कायदा मागतो तेवढेही गॅरेजने मागू नये, ही स्थिती मला असह्य वाटते.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे आणि तीत तडजोडीला जागा नाही. ॲव्हरेजची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक गाडीच्या जॉबकार्डावर, कोणताही स्क्रू फिरवण्यापूर्वी, मंद गतीचा व्हॅक्यूम किती इंच, प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन किती, टायमिंग किती अंशांवर, आणि टाकी ते टाकी निघालेले ॲव्हरेज किती, हे आकडे लिहिले जावेत, आणि काम संपल्यावर तेच पुन्हा मोजून त्यांच्या शेजारी मांडले जावेत. रिंगा गेल्या आहेत असे त्या आकड्यांवरून ठरले तर मालकाने इंजिन कामाचे पैसे विनातक्रार मोजावेत. व्हॉल्व्ह जळला असेल तर हेड उतरवू द्यावे. पण त्या कार्डावर नोंदणीच्या सालाखेरीज दुसरा एकही आकडा नसेल, आणि तो लिहून देण्यास गॅरेज तयार नसेल, तर मालकाने तेथे गाडीची चावी देऊ नये.